क्रिस्टेन नीगोर : संगणकाला ‘वर्ग’ देणारा माणूस
(बी. कॉम. भाग ३)

थोर पुरुषांची चरित्रे आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. राजे, सेनानी, संत, समाजसुधारक यांच्या ओळीत शास्त्रज्ञांनाही हळूहळू जागा मिळाली. परंतु ज्यांच्या कल्पनांवर आज बँकेचे खातेपुस्तक, रेल्वेचे आरक्षण आणि आपल्या हातातला मोबाईल चालतो, त्यांची नावे आपल्याला सहसा माहीत नसतात. संगणकशास्त्राच्या वर्गात बसणारा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द पाठ करतो. हे शब्द कोणी घडवले, कशासाठी घडवले आणि घडवणाऱ्याने पुढे आयुष्यात काय केले, हे मात्र त्या क्रमिक पुस्तकात नसते. त्या माणसाचे नाव क्रिस्टेन नीगोर. तो नॉर्वेचा. त्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ‘नायगार्ड’ म्हणतो, पण त्याच्या देशात उच्चार ‘नीगोर’ असाच करतात.

नीगोर यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लो येथे झाला. ते तेरा वर्षांचे असताना, एप्रिल १९४० मध्ये, जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या आणि मे १९४५ पर्यंत तो देश परक्यांच्या टाचेखाली होता. म्हणजे त्यांची सारी कुमारवयातील वर्षे पारतंत्र्यात गेली. आपल्यावर परिणाम करणारे निर्णय आपल्याला न विचारता कोणी दुसरा घेतो म्हणजे काय होते, याचा पाठ त्या पिढीला वेगळा द्यावा लागला नाही. नीगोर यांच्या उत्तरायुष्याकडे पाहिले की हा पाठ ते विसरले नव्हते असे वाटते.

युद्ध संपल्यावर त्यांनी ऑस्लो विद्यापीठात गणिताचा अभ्यास सुरू केला. १९४८ साली ते लष्करी सेवेच्या निमित्ताने नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाले व १९६० पर्यंत तेथेच राहिले. त्या वेळी नॉर्वे आपली पहिली अणुभट्टी उभारत होता. भट्टीतील न्यूट्रॉनांचे काय होते याचा हिशेब नेहमीच्या सूत्रांनी सुटेना, तेव्हा ‘माँटे कार्लो’ या रीतीचा आश्रय घेण्यात आला. एका कणाचा प्रवास नशिबाच्या फाशांवर सोडायचा, असे शेकडो काल्पनिक प्रवास लिहून काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची, अशी ही रीत. आजचे संगणक तेव्हा नव्हते. माणसे बसून हाताने हे आकडे काढत. नीगोर यांचे संगणनाशी नाते असे आकडेमोडीच्या टेबलावर जुळले. पुढे १९५६ साली त्यांनी पदव्युत्तर पदवीसाठी याच रीतीच्या सैद्धांतिक बाजूवर प्रबंध लिहिला.

१९५२ च्या सुमारास त्यांचा मोर्चा ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या विषयाकडे वळला. आपण वाणिज्याचे विद्यार्थी हा विषय वाहतुकीचे कोष्टक आणि रांगेचे गणित एवढ्यापुरता शिकतो. नीगोर यांच्यापुढे मात्र जिवंत कारभार होता. माणसे, यंत्रे, वाहने, हुकूम, वाट पाहणे आणि चुका या सर्वांचे मिळून जे एक गुंतागुंतीचे तंत्र बनते, ते कागदावर उतरवायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. गणिताची सूत्रे त्याला अपुरी पडत. संगणकाची भाषा तर त्याहून अपुरी, कारण तिला फक्त संख्या आणि हुकूम कळत.

माझ्या बालाघाट जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण प्रसिद्ध आहे. समजा, अशा एखाद्या खाणीच्या दारी ट्रक येतात, वजनकाट्यावर थांबतात, माल भरतात, पुन्हा काट्यावर येतात, पावती घेतात आणि निघून जातात. काटा एक ठेवावा की दोन? दुसरा काटा बसवला तर रांग किती कमी होईल? जुन्या पद्धतीची आज्ञावली लिहायची तर सगळे तक्त्यांत मांडावे लागे : ट्रकची संख्या एका रकान्यात, वेळ दुसऱ्यात, वजन तिसऱ्यात. आज्ञावली वाचणाऱ्याला त्यात ना ट्रक दिसे ना काटा. खाणीवर वीस वर्षे काढलेल्या काटेवाल्या कारकुनासमोर ती ठेवली, तर त्याला आपले स्वतःचे काम त्यात ओळखू येणार नाही.

नीगोर यांना नेमके हेच खटकत होते. ज्यांच्या कामाचे वर्णन करायचे त्यांना ते वर्णन वाचता आले पाहिजे, आणि तेच वर्णन यंत्रालाही समजले पाहिजे, अशी एक भाषा त्यांना हवी होती. मे १९६० मध्ये ते नॉर्वेच्या संगणन केंद्रात आले. तेथे त्यांनी या भाषेचा ध्यास घेतला. जानेवारी १९६२ मध्ये एका फ्रेंच सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिचा पहिला उल्लेख सापडतो. भाषेचे नाव ठरले ‘सिम्युला’.

कल्पना असणे वेगळे आणि ती यंत्रावर चालवणे वेगळे. नीगोर कल्पनेचे धनी होते, पण आज्ञावलीशास्त्रातील कसब त्यांच्या एका तरुण सहकाऱ्याकडे होते. ओले-योहान डाल यांचा जन्म १९३१ चा. तेही १९५२ साली लष्करी सेवेसाठीच संरक्षण संशोधन संस्थेत आले होते. डाल शांत, नेमके बोलणारे आणि काटेकोर. नीगोर उंचेपुरे, भरघोस आवाजाचे आणि अखंड बोलणारे. ही जोडी जमली आणि संगणकशास्त्राच्या इतिहासात अजोड ठरली. एकाने सुचवावे, दुसऱ्याने त्यातील खोट काढावी आणि दोघांनी मिळून ते पुन्हा मांडावे, असा त्यांचा क्रम असे.

भाषा तयार करायला मोठा संगणक हवा होता आणि केंद्राजवळ पैसा नव्हता. नीगोर यांनी येथे व्यापाऱ्याची हुशारी दाखवली. अमेरिकेच्या युनिव्हॅक कंपनीला आपला १९६२ साली नवा असलेला ‘११०७’ हा संगणक युरोपात खपवायचा होता. नीगोर यांनी कंपनीला सिम्युलाचे महत्त्व पटवले. परिणामी केंद्राला तो संगणक भरघोस सवलतीत मिळाला आणि मोबदल्यात सिम्युलाचा अनुवादक कंपनीला द्यायचे ठरले. ऑगस्ट १९६३ मध्ये यंत्र ऑस्लोत आले. १९६५ उजाडता उजाडता पहिली सिम्युला चालू झाली. जी वस्तू अजून तयारच झाली नव्हती ती विकून त्यांनी ती तयार करण्याचे साधन मिळवले, असे आपल्या शाखेच्या भाषेत म्हणता येईल.

सुरुवातीच्या आराखड्यात जगाचे दोन भाग होते : सेवा देणारी ‘स्थानके’ आणि सेवा घेणारी ‘गिऱ्हाइके’. पोस्टाची खिडकी हे स्थानक, रांगेतला माणूस हे गिऱ्हाईक. स्थानक काम करणार, गिऱ्हाईक निमूट उभे राहणार. पण काम पुढे जाऊ लागले तसे दोघांच्या लक्षात आले की ही विभागणी टिकत नाही. ट्रक काट्यावर गिऱ्हाईक असतो, पण माल उतरवणाऱ्या हमालांच्या दृष्टीने तोच स्थानक होतो. १९६४ साली त्यांनी हा भेद मोडून टाकला. प्रत्येक घटकाला स्वतःची माहिती असेल, स्वतःचे वागणे असेल आणि प्रत्येक जण प्रसंगी सेवा देईल किंवा घेईल, असे ठरले. ‘वस्तू’ या कल्पनेचे बीज येथे पडले.

खरी झेप पुढे होती. आज्ञावली लिहिताना त्यांना दिसले की ट्रक, बस, जहाज असे वेगवेगळे घटक रांगेत उभे करायचे तर रांगेचे तेच ते नियम प्रत्येकासाठी पुन्हा लिहावे लागतात. याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ होअर यांनी नोंदींच्या वर्गांविषयी मांडलेले विचार त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. १९६६ संपून १९६७ सुरू होत असताना, पुलावरील टोलनाका आणि त्यासमोर ट्रक व बस यांची रांग या उदाहरणाशी झगडता झगडता त्यांना वाट सापडली. ट्रक आणि बस यांत जे समान आहे ते ‘वाहन’ या एका वर्गात एकदाच लिहावे. मग ट्रक आणि बस यांनी तेवढे वारसाहक्काने घ्यावे व आपापले वैशिष्ट्य त्यात भर घालून सांगावे. वर्ग, उपवर्ग आणि वारसा या तिन्ही कल्पना अशा एका पुलाच्या नाक्यावर जन्मल्या. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लीसेबू येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी त्या जगापुढे ठेवल्या. तीच ‘सिम्युला ६७’.

त्या दिवसांतली एक गोष्ट संगणन केंद्रात पुढे अनेक वर्षे सांगितली जात असे. केंद्रात नव्यानेच आलेली एक व्यक्ती घाबरीघुबरी होऊन टेलिफोनच्या कक्षात धावत आली. वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसे एकमेकांवर ओरडत आहेत, आता हातघाईवर येतील, काय करावे, असे तिने विचारले. तेथील बाईंनी क्षणभर कान देऊन आवाज ऐकला आणि तिला शांत केले. घाबरण्यासारखे काही नव्हते. डाल आणि नीगोर सिम्युलाची चर्चा करत होते.

सिम्युला स्वतः फार पसरली नाही, पण तिची संतती पसरली. अमेरिकेत ॲलन के या विद्यार्थ्याच्या हाती ती पडली आणि १९७० नंतरच्या दशकात ‘स्मॉलटॉक’ ही भाषा झाली. केंब्रिजमध्ये सिम्युला वापरलेल्या बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ साली ‘सी’ भाषेला वर्गांची जोड द्यायला आरंभ केला, त्यातून ‘सी प्लस प्लस’ आली. १९९५ साली ‘जावा’ आली. आज आपल्या महाविद्यालयात जावा शिकणारा विद्यार्थी ‘क्लास’ हा शब्द टंकतो तेव्हा त्याच्या बोटांखाली ऑस्लोचा तो फळा असतो.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करायला हवा. नीगोर आणि डाल यांनी वर्ग दिले, परंतु वर्ग कसे आखावेत याचे नियम एका दिवसात झाले नाहीत. हाती वर्ग आले म्हणून सगळ्यांच्याच आज्ञावल्या चांगल्या झाल्या असे नाही. लोकांनी अवाढव्य वर्ग लिहिले, एकात दहा कामे कोंबली आणि एक दुरुस्ती केली की दहा ठिकाणी मोडतोड होऊ लागली. या अनुभवातून पुढच्या पिढीने जे नियम काढले त्यांतले पाच आज ‘सॉलिड’ या नावाने शिकवले जातात. रॉबर्ट मार्टिन या अमेरिकन लेखकाने ते २००० सालच्या सुमारास एकत्र मांडले आणि मायकेल फेदर्स यांनी पाच आद्याक्षरे जुळवून त्यांना हे नाव दिले. त्यांतले दोन मुळात इतरांचे आहेत. हे पाच नियम आपल्या शाखेच्या उदाहरणांनी सहज समजतात.

पहिला नियम असा की एका वर्गावर एकच जबाबदारी असावी. ऑडिटिंगच्या पेपरात आपण ‘इंटर्नल चेक’ शिकतो : रोकड घेणारा आणि खतावणी लिहिणारा एकच असू नये. तेथे भीती अफरातफरीची असते. येथे भीती बदलाची आहे. पगारपत्रकाचा एकच वर्ग पगाराचा हिशेबही करत असेल, हजेरीही मोजत असेल आणि छपाईही करत असेल, तर हिशेब खाते, आस्थापना आणि छपाई विभाग अशा तिघांच्या मागण्यांसाठी तोच उघडावा लागेल. एकासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याचे काम बिघडवील. म्हणून बदल मागणारे वेगळे असतील तर वर्गही वेगळे असावेत.

दुसरा नियम बर्ट्रांड मायर यांनी १९८८ साली आपल्या ग्रंथात मांडला. वर्ग वाढीसाठी खुला असावा, पण तोडफोडीसाठी बंद. पुन्हा त्या टोलनाक्यावर जाऊ. नाक्याच्या आज्ञावलीत ट्रक असेल तर इतके, बस असेल तर तितके, असे लिहिले असेल, तर धानाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली आली की नाक्याची आज्ञावली पुन्हा उघडावी लागेल. त्याऐवजी आपला कर किती हे सांगण्याचे काम प्रत्येक वाहनाकडे द्यावे. ट्रॅक्टर आपला वर्ग घेऊन येईल, नाक्याची ओळही हलणार नाही. ज्या सोयीमुळे हे शक्य होते ती, म्हणजे उपवर्गाने एखादे कृत्य आपल्या पद्धतीने भरून द्यायचे, ही ‘व्हर्च्युअल’ सोय सिम्युला ६७ मध्येच होती.

तिसरा नियम बार्बरा लिस्कोव्ह या विदुषीचा. १९८७ सालच्या व्याख्यानात त्यांनी तो सांगितला आणि १९९४ साली जीनेट विंग यांच्यासह काटेकोर केला. मूळ वर्गाच्या जागी त्याचा उपवर्ग ठेवला तरी वापरणाऱ्याची फसगत होता कामा नये. समजा ‘खाते’ या वर्गात केव्हाही पैसे काढता येतील असे वचन आहे. आता मुदत ठेव हीही बोलीभाषेत खातेच, म्हणून कोणी तिला त्याचा उपवर्ग केले. आज्ञावली निर्धास्तपणे पैसे काढायला गेली आणि ठेवीने नकार दिला, तर सारा व्यवहार कोसळेल. बोलण्यात ‘हे त्यातलेच’ असे म्हटले म्हणून वारसा ठरत नाही. जो वडिलांचे वचन पाळतो तोच वारस.

चौथा नियम इंटरफेसविषयी आहे. इंटरफेस म्हणजे दर्शनी करार : मी अमुक कामे करून देईन, आत कशी करतो ते विचारू नये. हा करार मोठा व सर्वसमावेशक करण्याचा मोह होतो. पण पासबुक छापणाऱ्या खिडकीला फक्त नोंदी आणि शिल्लक लागते. तिच्या हाती कर्जमंजुरी आणि व्याज-आकारणीचीही कलमे दिली, तर कर्जाचा नियम बदलला की काही कारण नसताना पासबुकाची खिडकीही पुन्हा तपासावी लागते. ज्याला जेवढे लागते तेवढाच करार त्याच्याशी करावा. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रांवर सल्लागार म्हणून काम करताना मार्टिन यांना हा नियम सुचला.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. वरच्या दर्जाच्या धोरणाने खालच्या तपशिलावर विसंबू नये. दोघांनीही मधल्या करारावर विसंबावे. हा आपल्या हातातला अंकच पाहा. यात मराठी विभाग आहे आणि कन्नड विभाग आहे. कन्नड न येणारा मुद्रक कन्नड विभाग बांधू शकतो, कारण पानाचा आकार आणि समास ठरलेले आहेत. मराठी विभागात कविता वाढल्या काय आणि कन्नड विभागात कथा कमी झाल्या काय, बांधणीला त्याची वार्ता नसते. दोन्ही विभाग एकमेकांवर नव्हे, मधल्या एका करारावर उभे आहेत.

करार नसला म्हणजे काय होते, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक आहे. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली गेली ती अडीच फुटी रुळांची. गोंदियाला ती मुंबई-हावड्याच्या रुंद मार्गाला मिळे. मिळे म्हणजे काय, तर स्थानक एक होते, पण रुळांचे माप वेगळे. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाणे अशक्य. धान असो, लाकूड असो, माणसे असोत, सगळ्यांनी गोंदियाला उतरायचे आणि पुन्हा चढायचे. आज तो मार्ग रुंद झाला आहे. कित्येक दशकांची ती चढउतर मात्र दोन रुळांमधल्या एका न ठरलेल्या मापाची किंमत होती.

या नियमांचा अतिरेकही होतो, हे सांगितले पाहिजे. दोन पानांच्या आज्ञावलीत वीस इंटरफेस घातले तर ती समजेनाशी होते. किराणा दुकानाला स्टेट बँकेचे खातेविभाग लागत नाहीत. नियम जेथे बदल येण्याचा संभव आहे तेथे वापरायचे. तो संभव कोठे आहे हे ओळखण्यासाठी काम करणाऱ्या माणसाशी बोलावे लागते. येथे आपण पुन्हा नीगोर यांच्यापाशी येतो.

नीगोर यांच्या जागी दुसरा कोणी असता तर १९६७ नंतर त्याने कीर्ती उपभोगली असती. नीगोर यांना मात्र एका विचाराने अस्वस्थ केले. सिम्युला वापरून कारखान्यांच्या कामाची चित्रे तयार होऊ लागली होती. ती चित्रे कोणासाठी? व्यवस्थापनासाठी. ज्या कामगाराचे काम त्यात रेखाटले जाई, त्याच्या हाती ते चित्र पडत नसे. त्यावरून त्याचे काम बदले, गती वाढे, क्वचित त्याची जागाच नाहीशी होई. माणसांचे काम समजून घेण्यासाठी निर्माण केलेली भाषा माणसांनाच अंधारात ठेवण्याचे साधन होत होती. आपण तयार केलेल्या हत्याराचे टोक कोणाकडे आहे हे पाहणे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

१९७१ ते १९७३ या काळात त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर एक प्रकल्प केला. आरंभी योजना नेहमीचीच होती : तज्ज्ञांनी अभ्यास करावा आणि संघटनेला अहवाल द्यावा. थोड्याच दिवसांत अहवाल हे फळ नव्हे, असे दोन्ही बाजूंना दिसले. प्रकल्पातून शिकून कामगारांच्या स्थानिक शाखांनी स्वतः जी पावले उचलली ती त्याचे फळ मानावी, असे ठरले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली, कारखान्यांत अभ्यासवर्ग भरले, आणि नव्या संगणक-योजनेत आपल्याला काय हवे नि काय नको हे कामगार स्वतः मांडू लागले.

यातून करार झाले. आधी स्थानिक पातळीवर, आणि १९७५ साली कामगार महासंघ व मालकांची संघटना यांच्यात राष्ट्रीय पातळीवर. नवी संगणक-व्यवस्था आणण्याआधी कामगारांना समजेल अशा भाषेत माहिती देणे आणि त्यांच्या प्रतिनिधींना त्यात भाग देणे बंधनकारक झाले. १९७७ च्या कार्यपरिसर कायद्यातही या तत्त्वाला स्थान मिळाले. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये असेच प्रकल्प निघाले, आणि वापरणाऱ्याला बरोबर घेऊन यंत्रणा आखण्याच्या या पद्धतीला स्कँडिनेव्हियन संप्रदाय म्हणून जगभर ओळख मिळाली.

नीगोर यांच्या आयुष्यातली ही दोन कामे वेगवेगळी आहेत असे वरवर वाटते. मला ती एकच वाटतात. वर्गाची आखणी करताना आपण ठरवतो की कोणाला काय दिसावे, कोणी कोणावर विसंबावे आणि बदल झाला तर झळ कोणाला लागावी. हेच प्रश्न कारखान्यात, बँकेत आणि कचेरीत माणसांच्या बाबतीत असतात. आज्ञावलीत हे प्रश्न तज्ज्ञाने सोडवावेत. माणसांच्या बाबतीत ते माणसांना विचारूनच सोडवले पाहिजेत, असा नीगोर यांचा आग्रह होता.

ते राजकारणातही होते. १९६० नंतरच्या दशकात उदारमतवादी पक्षात व नंतर मजूर पक्षात त्यांनी काम केले. १९८८ पासून युरोपीय समुदायात नॉर्वेने सामील होण्यास विरोध करणारी चळवळ त्यांनी बांधली व १९९५ पर्यंत तिचे नेतृत्व केले. सुमारे ४० लाखांवर लोकवस्तीच्या त्या देशात या संघटनेचे १९९४ साली सुमारे १ लाख ४५ हजार सभासद होते. २८ नोव्हेंबर १९९४ रोजी सार्वमत झाले आणि ५२.२ टक्के मतदारांनी नकार दिला. त्यांचे हे मत बरोबर की चूक यावर त्यांच्या देशात आजही दुमत आहे. पण संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक गावोगाव सभा घेत हिंडतो, हे दृश्य आपल्या विद्वानांनीही ध्यानात घ्यावे असे आहे.

शिकवण्याचे कामही सुटले नाही. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे आणि नंतर ऑस्लो विद्यापीठात ते प्राध्यापक होते. डॅनिश व नॉर्वेजियन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘बीटा’ ही नवी भाषा घडवली. उतारवयात नवशिक्यांना हा विषय कसा शिकवावा याचा ते विचार करत होते. दोन संख्यांची बेरीज करण्यापासून आरंभ करू नये, गिऱ्हाइके, वाढपी आणि आचारी असलेल्या एखाद्या उपाहारगृहापासून करावा, असे त्यांचे म्हणणे होते. जगात गुंतागुंत आहे तर पहिल्या दिवशीच ती विद्यार्थ्याच्या ओळखीची का होऊ नये?

मानसन्मान फार उशिरा आले. २००० साली नॉर्वेच्या राजाने नीगोर आणि डाल या दोघांना सन्मानचिन्ह दिले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला, आणि २००२ सालचे फॉन नॉयमन पदकही. परंतु पुरस्काराचे व्याख्यान देण्याइतकी डाल यांची प्रकृती राहिली नव्हती. २९ जून २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १० ऑगस्ट २००२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने नीगोर गेले. फळ्यासमोर भांडणारे ते दोन आवाज एकाच उन्हाळ्यात शांत झाले.

नीगोर जाऊन दोन तपांचा काळ लोटत आहे. या काळात आपल्या जिल्ह्यातली बँक, सेवा सहकारी संस्था, रेशनचे दुकान, धान-खरेदीचे केंद्र, सारे काही संगणकावर आले. खिडकीतला कारकून सांगतो की यंत्र घेत नाही, आणि शेतकरी परत जातो. यंत्र का घेत नाही हे कारकुनालाही माहीत नसते. बहुधा दूर कोठेतरी कोणी एक वर्ग आखताना या शेतकऱ्याचा विचार केलेला नसतो : त्याच्या सातबाऱ्यावर दोन नावे असतील, त्याचा अंगठा झिजलेला असेल, त्याचे आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले असेल. ही चूक यंत्राची म्हणता येत नाही. कोणाला विचारायचे राहून गेले ते महत्त्वाचे.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या हिशेबनीस, बँक कर्मचारी, तपासनीस होणार आहेत, आणि काही जण त्या आज्ञावल्याही लिहिणार आहेत. लिहिणाऱ्यांनी पाचही नियम जरूर शिकावेत. परंतु वर्गाचे नाव लिहिण्याआधी, ज्याच्या कामाला आपण ते नाव देत आहोत त्याच्या खिडकीपाशी एक दिवस उभे राहावे. जे लिहिणार नाहीत, केवळ वापरणार आहेत, त्यांनी आपल्याला न विचारता आलेल्या यंत्रणेला प्रश्न विचारण्याचा संकोच धरू नये. नॉर्वेच्या लोखंड कामगारांना जो हक्क वाटला तो आपल्यालाही वाटायला हरकत नाही. क्रिस्टेन नीगोर यांचे स्मारक कोणाला करायचे असेल, तर त्याला एवढे पुरे आहे.